एचएमएस हॅम्पशायर : अकरा वर्षांची नोकरी आणि ५ जून १९१६ची पश्चिम वाट

ब्रिटिश आरमारातली हॅम्पशायर ही चिलखती क्रूझर आज आठवली जाते ती लॉर्ड किचनेरमुळे. किचनेर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. लष्कराच्या कारभारावरून त्याचं कर्झनशी वाजलं आणि १९०५मध्ये कर्झनला व्हाइसरॉयपद सोडावं लागलं. त्याच वर्षी किचनेरने नाशिकजवळ देवळालीला स्टाफ कॉलेज सुरू केलं, ते दोन वर्षांनी क्वेट्ट्याला गेलं. १९१६मध्ये तो ब्रिटनचा युद्धमंत्री होता, आणि रशियाला जाताना स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांजवळ हॅम्पशायरसकट बुडाला. माणूस एवढा मोठा की जहाज त्याच्या सावलीत गेलं. गुप्तहेर, घातपात, सोन्याच्या पेट्या अशा कहाण्यांचा थर त्यावर चढला, तो वेगळाच.

या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते कहाण्यांत नाही, हवामानात आहे. त्या दिवशी जहाजाच्या रक्षणासाठी जे जे उपाय उपलब्ध होते (विनाशिकांची सोबत, सुरुंग काढणाऱ्या बोटी, जहाजावरच्या होड्या, किनाऱ्यावरून मदत) ते सगळे एकाच वादळाने निकामी केले. आणि मार्ग निवडताना हेच वादळ आपल्या बाजूचं म्हणून हिशेबात धरलं होतं.

जहाज

हॅम्पशायर डेव्हनशर वर्गातली. या वर्गात सहा जहाजं होती: डेव्हनशर, अँट्रिम, अर्गाइल, कार्नार्व्हन, हॅम्पशायर आणि रॉक्सबरा. हॅम्पशायरचं काम आर्मस्ट्राँग व्हिटवर्थच्या एल्सविक गोदीत सप्टेंबर १९०२मध्ये सुरू झालं, सप्टेंबर १९०३मध्ये ती पाण्यात उतरली आणि जुलै १९०५मध्ये पूर्ण झाली. वजन १०,८५० टन, लांबी १४४.३ मीटर, रुंदी २०.९ मीटर, पाण्याखालची खोली ७.३ मीटर. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

जहाज ढकलणारे दोन पंखे (प्रोपेलर), ट्रिपल एक्स्पान्शन वाफेची इंजिनं, २१,००० अश्वशक्ती, आखलेला वेग २२ नॉट. बॉयलरची व्यवस्था मात्र विचित्र होती. १९०० सालच्या आसपास बेलव्हिल बॉयलरवरून आरमारात मोठा वाद झाला. गळती, पाण्याची उधळपट्टी, सततची दुरुस्ती अशा तक्रारी होत्या. चौकशी समितीने बेलव्हिल नको म्हटलं आणि वेगवेगळ्या बनावटीचे पाणनळी बॉयलर (ज्यांत पाणी नळ्यांतून फिरतं) तपासायला सांगितले. डेव्हनशर वर्ग ही त्याची प्रयोगशाळा ठरली. एकाच वर्गाच्या सहा जहाजांत चार बनावटींचे पाणनळी बॉयलर बसले. हॅम्पशायरला १७ यारो आणि सोबत जुन्या पद्धतीचे ६ दंडगोल बॉयलर मिळाले. हिशेब असा की रोजच्या संथ प्रवासाला कमी कटकटीचे दंडगोल आणि लढाईच्या वेगाला यारो. कागदावर छान दिसणारी ही खिचडी प्रत्यक्षात त्रासदायक होती. दंडगोल बॉयलरमध्ये पाण्याचा साठा मोठा, त्यामुळे वाफ धरायला तास जातात. यारोमध्ये पाणी कमी, वाफ लवकर धरते, पण पाण्याच्या पातळीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. भट्टीवाल्यांना एकाच जहाजावर दोन शिस्ती पाळाव्या लागत. पुढे आरमाराने ही मिसळ बंद केली.

मुख्य तोफा ७.५ इंची, चार. एक पुढे, एक मागे आणि दोन पुढच्या डोलकाठीच्या दोन्ही अंगांना, प्रत्येक स्वतंत्र बुरुजात. गोळ्याचं वजन सुमारे ९१ किलो. शिवाय ६ इंची सहा तोफा, आणि त्यातल्या चार मुख्य डेकवर, म्हणजे पाण्याच्या फार जवळ. समुद्र खवळला की त्या खणांत पाणी शिरे आणि तोफा निरुपयोगी होत. ही खोड त्या पिढीच्या बहुतेक ब्रिटिश चिलखती क्रूझरमध्ये होती. नोव्हेंबर १९१४मध्ये चिलीजवळच्या कोरोनेलच्या लढाईत थोरल्या मॉनमथ वर्गाने त्याची किंमत मोजली. खालच्या तोफा जहाजावर होत्या, पण त्या समुद्रात डागता येत नव्हत्या.

चिलखताचा पट्टा मध्यभागी ६ इंच जाड, बुरुजांना ५ इंच, कॉनिंग टॉवरला (लढाईत जहाज जिथून चालवतात त्या खोलीला) १२ इंच. पण पट्टा पाण्याखाली थोडाच उतरतो. त्याची योजना वरून येणाऱ्या गोळ्यांसाठी होती, तळाशी होणाऱ्या स्फोटासाठी नव्हती. सुरुंग किंवा टॉर्पेडो लागला तर भिस्त आतल्या पाणबंद कप्प्यांवर.

हॅम्पशायर कामावर रुजू झाली आणि थोड्याच वर्षांत इन्व्हिन्सिबल ही पहिली बॅटलक्रूझर आली. १२ इंची आठ तोफा, टर्बाइन इंजिनं, २५ नॉट. चिलखती क्रूझरचा सगळा वर्गच त्या दिवसापासून म्हातारा झाला. हॅम्पशायरच्या पुढच्या नेमणुका पाहिल्या तर आरमारालाही ते कळलं होतं असं दिसतं.

सेवेचा आलेख

सुरुवात चॅनेल फ्लीटच्या पहिल्या क्रूझर स्क्वाड्रनमध्ये. १९०८मध्ये पोर्ट्समथला डागडुजी, १९०९मध्ये राखीव ताफ्यात. डिसेंबर १९११मध्ये पुन्हा बाहेर काढून भूमध्य समुद्रात सहाव्या क्रूझर स्क्वाड्रनला, आणि १९१२मध्ये चीन स्टेशनवर, म्हणजे आरमाराच्या पूर्व आशियातल्या विभागात. शांततेच्या काळात पूर्वेकडच्या स्टेशनवर अशी जहाजं शोभून दिसत. आकार मोठा, धुराडी चार, आणि समोर बरोबरीचा शत्रू क्वचितच.

ऑगस्ट १९१४ला युद्ध सुरू झालं तेव्हा हॅम्पशायर व्हाइस ॲडमिरल जेरमच्या ताफ्यात होती. मिनोटॉर आणि न्यूकॅसल यांच्यासोबत तिला याप बेटावरचं जर्मन बिनतारी केंद्र नष्ट करायला पाठवलं. वाटेत ११ ऑगस्टला जर्मन कोळसावाहू जहाज एल्सबेथ हाती लागलं आणि ते बुडवण्यात आलं. त्या समुद्रात जर्मन क्रूझरचं आयुष्य कोळशावर अवलंबून होतं, त्यामुळे कोळशाचं एक जहाज बुडवणं म्हणजे एखाद्या क्रूझरचे कित्येक दिवस हिरावून घेणं.

नंतरचे तीन महिने हॅम्पशायरने एम्डनच्या मागे घालवले. एम्डन ही हलकी जर्मन क्रूझर बंगालच्या उपसागरात शिरली, व्यापारी जहाजं पकडू लागली, आणि २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री तिने मद्रासच्या किनाऱ्यावरच्या बर्मा ऑइलच्या टाक्या पेटवल्या. हॅम्पशायर शोधात होती, काही वेळा फार जवळही होती. एम्डनच्या बिनतारी खोलीत ‘क्यूएमडी’ या खुणेचे जोरदार संदेश ऐकू येत आणि ती हॅम्पशायर असावी असा त्यांचा अंदाज होता. शोधणाऱ्याच्याच संदेशांवरून एम्डनला त्याचा ठावठिकाणा कळे. संदेशातला मजकूर उलगडला नाही तरी आवाज मोठा होत चालला की समोरचा जवळ येतोय एवढं नक्की. एम्डनने खोटं चौथं धुराडं उभारलं होतं, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला ती ब्रिटिश यार्मथ वाटे.

आणि सापडली असती तरी? एम्डनचा वेग साडेतेवीस नॉटच्या घरात, हॅम्पशायरचा नवी असताना २२. नऊ वर्षं वापरलेल्या इंजिनांवर, उष्ण पाण्यात, तळाला शेवाळ आणि शिंपले चढलेले असताना हा आकडा आणखी खाली येतो. एम्डनला कोंडीत पकडलं तरच ७.५ इंची तोफांचा उपयोग, नाहीतर ती क्षितिजावरून निघून जाणार. शिवाय कोळसा. हॅम्पशायरसारख्या जहाजावर कोळसा भरणं म्हणजे सबंध खलाशी वर्गाला जुंपणं. वखारीतून किंवा कोळशाच्या जहाजातून पोती भरायची, साधारण शंभर किलोचं एक पोतं, डेरिकने डेकवर आणायची, गाड्यांवरून भोकांपर्यंत न्यायची, आणि खाली बंकरमध्ये माणसांनी ती फावड्याने पसरायची. शोधमोहिमेतल्या क्रूझरचे खूप दिवस याच कामात जातात, आणि ते दिवस शत्रूला मोकळे मिळतात.

९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियन क्रूझर सिडनीने एम्डनला संपवलं. सिडनी २५ नॉटची होती आणि तिच्या तोफा एम्डनच्या तोफांपेक्षा मोठ्या, तेव्हा निकाल लागायला फार वेळ लागला नाही. हॅम्पशायरने मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं सैन्य घेऊन निघालेल्या काफिल्याला तांबड्या समुद्रातून इजिप्तपर्यंत सोबत केली. डिसेंबरात जिब्राल्टरला डागडुजी, जानेवारी १९१५पासून ग्रँड फ्लीटमध्ये, म्हणजे मुख्य ब्रिटिश ताफ्यात, सातव्या क्रूझर स्क्वाड्रनला. त्या वर्षअखेरीस तिला श्वेत समुद्राकडच्या जहाजांच्या रक्षणाला पाठवलं होतं. म्हणजे रशियातल्या अर्खांगेल्स्क बंदराची वाट तिला ओळखीची होती.

३१ मे १९१६ची, ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांमधली जटलंडची लढाई हॅम्पशायरच्या दृष्टीने फारशी घडली नाही. ती रिअर ॲडमिरल हीथच्या दुसऱ्या क्रूझर स्क्वाड्रनमध्ये होती, आणि पुढे पसरलेल्या क्रूझर व ग्रँड फ्लीटचा सरसेनापती जेलिको याचं आयर्न ड्यूक यांच्यामध्ये संदेश पुढे सरकवण्याचं काम तिच्याकडे होतं. धुरकट हवेत निशाणं आणि प्रकाशझोताचे संदेश मधल्या जहाजाशिवाय पोचत नाहीत. हे काम बिनवाखाणीचं, पण गरजेचं. तिने जर्मन हलक्या क्रूझरवर चार वेळा तोफा डागल्या, अंतर जास्त होतं आणि गोळे पोचले नाहीत. पाणबुड्यांच्या दुर्बिणी दिसल्याचा भास होऊनही गोळे टाकले गेले. तिच्या जातीतल्या डिफेन्स, वॉरियर आणि ब्लॅक प्रिन्स या तीन चिलखती क्रूझर त्या चोवीस तासांत गेल्या. हॅम्पशायर ओरखडा न घेता ऑर्कनीतल्या स्कापा फ्लो या तळावर परतली.

यू-७५

जटलंडच्या आधी जर्मन ॲडमिरल शेअरने ब्रिटिश तळांच्या बाहेर पाणबुड्या पेरून ठेवल्या होत्या. त्यांतली एक होती कुर्ट बाइट्सनची यू-७५, सुरुंग पेरणारी. या वर्गाच्या पाणबुडीत ३४ सुरुंग मावत आणि ते पिछाडीच्या दोन नळ्यांतून सोडले जात. २८-२९ मेच्या रात्री, धुक्यात, बाइट्सनने ऑर्कनीच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत, मारविक हेडच्या परिसरात सुरुंग पेरले. ब्रिटिश युद्धनौका या वाटेने जातात असा जर्मनांचा समज होता.

सुरुंगाची रचना साधी. खाली जड नांगर, वर हवेने तरंगू पाहणारा गोळा, मध्ये तारदोर. गोळा पृष्ठभागाखाली ठरावीक खोलीवर ताणलेला राहतो. त्याच्या डोक्यावर शिशाची शिंगं असतात, प्रत्येकात काचेची कुपी. जहाज घासलं की शिंग वाकतं, कुपी फुटते, आतलं आम्ल खालच्या विद्युतघटात उतरतं आणि वीज तयार होऊन स्फोटक पेटतं. आत बॅटरी साठवून ठेवावी लागत नाही, त्यामुळे सुरुंग महिनोन्‌महिने पाण्यात राहूनही जिवंत असतो.

खोलीचा हिशेब पेरणाऱ्याच्या दृष्टीने नाजूक. फार वर ठेवला तर मासेमारीच्या लहान बोटीही त्यावर जातात आणि पट्टा उघड होतो. फार खाली ठेवला तर भरतीच्या वेळी मोठं जहाजही वरून निघून जातं. ७.३ मीटर पाण्यात बसणारी क्रूझर शांत समुद्रात एखाद्या सुरुंगावरून सुखरूप जाऊ शकेल, पण समोरून लाटा घेत असताना तिची नाळ (पुढचं टोक) दर काही सेकंदांनी मीटर-दोन मीटर खाली बुडते. तेवढं पुरतं.

निर्णय

४ जूनच्या संध्याकाळी किचनेर लंडनहून निघाला. ५ तारखेला थर्सोजवळच्या स्क्रॅब्स्टरहून ओक या विनाशिकेने स्कापाला पोचला आणि दुपारी आयर्न ड्यूकवर जेलिकोबरोबर जेवला. सोबत लष्करी सचिव फिट्झजेराल्ड, परराष्ट्र खात्याचा ओबेर्न, दारूगोळ्याचा जाणकार डोनाल्डसन, ब्रिगेडियर एलरशॉ, रॉबर्टसन, शिवाय सेवक वगैरे, किचनेर धरून एकूण १४ जण. किचनेरला उशीर नको होता. हॅम्पशायरचा कॅप्टन हर्बर्ट सॅव्हिल याला निघण्याचा हुकूम झाला.

वाटा दोन प्रकारच्या होत्या. ऑर्कनीच्या पूर्वेकडून उत्तरेला, किंवा पेंटलंड फर्थमधून (ऑर्कनी आणि स्कॉटलंड यांच्यामधली सामुद्रधुनी) पश्चिमेला येऊन हॉय व मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला. त्या दिवशी ईशान्येकडून जोराचा वारा होता, वादळाच्या तोडीचा. जेलिकोने पश्चिम वाट निवडली, आणि त्यामागची कारणं एकेक करून पाहिली तर कोणतंच मूर्खपणाचं नाही.

पहिलं, ईशान्य वाऱ्यात बेटांच्या पश्चिमेला आडोसा मिळेल. त्या आडोशात विनाशिका क्रूझरच्या वेगाने चालू शकतील. पूर्वेकडे त्या सुरुवातीलाच मागे पडल्या असत्या. दुसरं, सुरुंग काढणं त्या हवेत कुठल्याच बाजूला शक्य नव्हतं. दोन बोटींच्या मधे पाण्याखाली तार ओढून सुरुंगाचे दोर पकडायचे हे काम, आणि तारेची खोली व बोटींमधलं अंतर सांभाळणं उसळत्या समुद्रात जमत नाही. तेव्हा ज्या बाजूला सुरुंगाचा संशय कमी, ती निवडायची. तिसरं, उत्तरेकडच्या जूनमधली रात्र इतकी छोटी की पृष्ठभागावरच्या जहाजाने किनाऱ्यालगत येऊन सुरुंग पेरणं अशक्यप्राय, आणि पाणबुड्यांनी तोवर पेरलेले सुरुंग फर्थ ऑफ फोर्थच्या (एडिनबरोजवळची खाडी) खूप दक्षिणेलाच सापडले होते.

तिसऱ्या कारणात फट आहे. शत्रूने आजवर इतक्या उत्तरेला पाणबुडीतून सुरुंग पेरले नाहीत, एवढंच त्यातून सिद्ध होतं. यू-७५च्या वर्गाच्या पाणबुड्या अलीकडेच कामावर आल्या होत्या आणि दूरच्या पाण्यात सुरुंग नेणं हाच त्यांचा हेतू होता. नवं हत्यार आलं की आजवरच्या नोंदी सांगतात ती फक्त जुन्या हत्याराची मर्यादा.

पहिलं कारण तपासायला मात्र नवी माहितीही लागत नव्हती. उत्तर गोलार्धातल्या खलाशांचा जुना नियम असा की वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं, कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला असतं. वारा ईशान्येचा, म्हणजे पाठ ईशान्येला, तोंड नैऋत्येला, केंद्र डाव्या हाताला आग्नेयेकडे. त्या अक्षांशावरची वादळं सहसा पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे सरकतात. केंद्र पुढे सरकलं की वारा उत्तरेवरून वायव्येला वळणार. वायव्य वाऱ्यात ऑर्कनीचा पश्चिम किनारा म्हणजे थेट अटलांटिकच्या तोंडावर, आणि आडोशाचा हिशेब उलटा. नेमकी वेळ सांगणं तेव्हा अवघड होतं हे मान्य, पण वारा वळला तर काय, याचं उत्तर निघण्याआधी ठरलेलं असायला हवं होतं. परत फिरायचं, की सोबत सोडून पुढे जायचं? हा प्रश्न सॅव्हिलवर समुद्रात येऊन पडला.

१७:४५ ते १९:५५

हॅम्पशायर १६:४५ला स्कापाहून सुटली. १७:४५च्या सुमारास हॉयच्या दक्षिणेला टॉर नेसपाशी युनिटी आणि व्हिक्टर या दोन विनाशिका मिळाल्या. तोवर वारा वायव्येकडे फिरला होता आणि तिन्ही जहाजं आता लाटांना समोर घेत होती.

लांब, जड क्रूझर दोन लाटांवर एकदम पसरते आणि कापत जाते. हजारेक टनांची सडपातळ विनाशिका मात्र एकेका लाटेवर चढते आणि पलीकडे आदळते. पुढचा भाग ठेंगणा, म्हणून प्रत्येक लाट पुलापर्यंत (जहाज चालवण्याच्या उंच मंचापर्यंत) येते. वेग कमी केला नाही तर पत्रे वाकतात, रिव्हेट सैल होतात, माणसं वाहून जातात. युनिटी आणि व्हिक्टरने आधी १५ नॉट, मग १२, मग १० असं करत वेग जमत नसल्याचं कळवलं. साडेसहाच्या सुमारास सॅव्हिलने त्यांना परत पाठवलं.

हाही निर्णय त्या क्षणी समजण्यासारखा आहे. विनाशिका पाणबुडीविरुद्ध होत्या, आणि अशा समुद्रात पाणबुडीला नेम धरता येत नाही. १० नॉटवर त्यांच्यासाठी रेंगाळण्यापेक्षा एकटं वेगात जाणं सुरक्षित, असा हिशेब. सुरुंगाविरुद्ध त्यांचा तसाही उपयोग नव्हता. फक्त एक गोष्ट हिशेबात राहून गेली: काही झालं तर पाण्यातली माणसं उचलायला त्या दोनच बोटी जवळ होत्या.

हॅम्पशायरलाही वेग धरता आला नाही, ती साडेतेरा नॉटवर आली. १९:४०च्या सुमारास, मारविक हेड आणि ब्रॉ ऑफ बर्से यांच्यामध्ये, किनाऱ्यापासून जेमतेम दीड मैलावर, नाळ आणि पूल यांच्या मधे स्फोट झाला.

पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत जे घडलं ते बिघाडांच्या साखळीने समजतं. स्फोटासरशी वीज गेली. वीज गेली म्हणून दिवे गेले, आणि बिनतारी संदेशही गेला नाही. हॅम्पशायरने मदतीची हाक मारलीच नाही, मारू शकली नाही. मोठ्या होड्या उचलून पाण्यात सोडायला यंत्रशक्ती लागते, ती नव्हती. खराब हवेमुळे बहुतेक हॅचेस (डेकवरची झाकणं) आधीच घट्ट बंद करून टेकू लावलेले होते, त्यामुळे खालच्या माणसांना वर यायला मोजक्याच वाटा उरल्या. जहाज नाळेकडून खाली जात राहिलं.

हाताने खाली सोडलेल्या होड्या लाटेने जहाजाच्या अंगावर आपटून फुटल्या. काही माणसं मोठ्या होड्यांत डेकवरच बसून राहिली, जहाज खाली गेलं की होडी आपसूक तरंगेल या आशेवर. तसं झालं नाही. वाचलेल्यांनी सांगितलं की कॅप्टन किचनेरला होडीकडे बोलावत होता. किचनेर शेवटचा पिछाडीच्या डेकवर दिसला. त्याचा मृतदेह मिळाला नाही, फिट्झजेराल्डचा मिळाला.

सुटले ते तीन कार्ली तराफे. कार्ली तराफा म्हणजे तांब्याच्या नळीचं लंबगोल कडं, त्यावर बुचाचं वेष्टण आणि कॅनव्हास, मध्ये दोरांच्या जाळीला टांगलेली लाकडी फळ्यांची तळई. तो बुडत नाही आणि उलटला तरी दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून अशा समुद्रात होडीपेक्षा तो टिकतो. पण आत बसणारा कमरेपर्यंत पाण्यातच असतो. जूनमध्येही तिथलं पाणी जेमतेम दहा अंशांचं. डझनांनी माणसं या तराफ्यांना धरून होती. वायव्य वाऱ्याने तराफे किनाऱ्याकडे ढकलले आणि मध्यरात्रीनंतर स्केलच्या उपसागराच्या उत्तरेकडच्या खडकांवर आपटले. वाटेत बरेच जण थंडीने गेले, काही अगदी शेवटी खडकावर. जहाजावर ७३५ खलाशी-अधिकारी आणि १४ प्रवासी होते. वाचले १२.

किनारा

जूनच्या ऑर्कनीत साडेसातला भरपूर उजेड असतो. बर्सेच्या पहाऱ्यावरून जहाज संकटात असल्याचं दिसलं आणि टपालघरातून तार गेली. पहिल्या तारेत ठिकाण सांगितलं, जहाज बुडाल्याचं नंतर कळवलं. स्ट्रॉमनेसहून बोटी निघाल्या आणि जागेवर पोचेपर्यंत कित्येक तास गेले, तोवर तराफे दक्षिणेकडे वाहत गेले होते. शोधणाऱ्यांना मृतदेह मिळाले, जिवंत माणूस एकही नाही.

स्ट्रॉमनेसची जीवरक्षक बोट तयार होती पण तिला आरमाराने जाऊ दिलं नाही, गावकऱ्यांना कड्यांकडे फिरकू दिलं नाही, ही तक्रार ऑर्कनीत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कटाच्या कहाण्यांपेक्षा या तक्रारीकडे जास्त गांभीर्याने पाहायला हवं. पश्चिम किनाऱ्यावर कडे उभे आहेत आणि उतरायच्या जागा मोजक्या. त्या कुठे, रात्री दोर टाकून कुठून उतरता येतं, हे शेतकऱ्यांना माहीत होतं, पहाऱ्यावरच्या सैनिकांना नाही. जे वाचले त्यांतल्या काहींना शेवटी किनाऱ्यालगतच्या शेतघरांनीच आसरा दिला.

नंतर

त्याच महिन्यात एक ड्रिफ्टर (मासेमारीच्या धाटणीची छोटी बोट) याच सुरुंगपट्ट्यात गेली आणि तिच्यावरचे नऊ जण मेले. घातपाताचा सिद्धांत मांडणाऱ्यांना हे जहाज अडचणीचं ठरतं, म्हणून ते सहसा त्याचा उल्लेख करत नाहीत. फ्रिट्झ ड्युकेन नावाच्या भामट्याने आपणच जहाज बुडवल्याचा दावा केला. १९२६मध्ये फ्रँक पॉवर नावाच्या पत्रकाराने किचनेरची शवपेटी नॉर्वेहून आणल्याचं जाहीर केलं. पेटी लंडनमध्ये उघडली तेव्हा आत वजनासाठी डांबर होतं. त्याच वर्षी ॲडमिरल्टीने अधिकृत वृत्तान्त छापला आणि मारविक हेडवर किचनेरच्या स्मरणार्थ दगडी मनोरा उभा राहिला.

मनोरा किचनेरचा, बाकीच्यांची नावं त्यावर नव्हती. मृतांचा आकडाही बराच काळ वेगवेगळा छापला जाई, साडेसहाशेच्या आसपास. एक-एक नाव तपासून काढलेला आकडा ७३७ आहे. शताब्दीला, जून २०१६मध्ये, मनोऱ्याभोवती कमी उंचीची भिंत बांधून त्यावर ही नावं आणि ड्रिफ्टरवरच्या नऊ जणांची नावं कोरण्यात आली. सापडलेल्यांपैकी अनेकांच्या कबरी हॉय बेटावरच्या लायनेस आरमारी स्मशानभूमीत आहेत.

अवशेष साठ-सत्तर मीटर खोलीवर उलटा पडलेला आहे. १९८३मध्ये त्याचा एक पंखा दांड्यासह बेकायदा उचलला गेला. तो परत मिळवून लायनेसच्या संग्रहालयात ठेवला आहे. २००२पासून हे ठिकाण १९८६च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्याखाली नियंत्रित क्षेत्र आहे आणि ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय तिथे बुडी मारता येत नाही.